मुलाला एडीएचडीची गोळी सुरू करण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

सुरंगी | ३ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. गुहागरजवळच्या एका गावातून लिहिते आहे. मुलगा नऊ वर्षांचा, आता चौथीत जाईल. गेल्या दोन वर्षांत त्याच्या पायी आम्ही किती शाळेच्या पायऱ्या चढलो याचा हिशोब नाही. एका जागी पाच मिनिटं बसत नाही, वही अर्धी सोडून खिडकीशी जातो, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतो. मागच्या पावसात भर रस्त्यात मोटारसायकलसमोर धावला. तेव्हापासून माझ्या पोटात भीतीचा गोळा बसलाय.

चिपळूणला महिन्यातून दोनदा एक बालमानसोपचारतज्ज्ञ येतात. तीन भेटींनंतर त्यांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार असल्याचं सांगितलं. वर्षभर वर्तनोपचार केले, घरातलं वेळापत्रक बसवलं, टीव्ही बंद केला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. आता त्यांनी मिथाइलफेनिडेट नावाची गोळी लिहून दिली आहे. चिठ्ठी घरात येऊन चार दिवस झाले, अजून गोळी आणलेली नाही.

डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर तीस जण बसलेले असतात. त्यांनी "घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का" असं विचारलं, मी "नाही" म्हटलं, आणि आम्ही बाहेर पडलो. येताना एसटीत डोक्यात वीस प्रश्न आले. ही गोळी उत्तेजक आहे म्हणतात, मग आधीच उड्या मारणाऱ्या पोराला ती का? सुरू करण्याआधी कुठल्या तपासण्या करायच्या? काय सांगायला हवं जे आपण सांगत नाही? ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया लिहा. "देऊ नका" किंवा "बिनधास्त द्या" एवढंच नको, नीट समजावून सांगा.

---

कुडाळचो_बाबा | ३ जून, रात्री ११:३५

ताई, घाबरू नकात. माजा चेडू अकरा वर्सांचा, दोन वर्सां झाली हीच गोळी घेता.

पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, म्हणजे सगळ्यांना कळेल. आम्ही गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात दाखवतो, सावंतवाडी-कुडाळकडच्या माणसांना ते जवळ पडतं. तिथे गोळीच्या आधी मुलीची उंची, वजन, नाडी आणि बीपी घेतलं. छातीला नळी लावून दहा मिनिटं ऐकलं. मला तेव्हा वाटलं, डोक्याचं औषध आणि छाती कसली तपासतायत? नंतर कळलं की या औषधाने नाडी आणि बीपी थोडं वाढतं. सरासरी बघितलं तर नाडी मिनिटाला तीन ते सहा ठोके आणि बीपी दोन ते चार अंक. चांगल्या हृदयाला त्याचं काही नाही, पण एखाद्या मुलात वाढ जास्त होते. आधीचा आकडाच लिहिलेला नसेल तर वाढला की नाही हे कळणार कसं?

दुसरी गोष्ट भूक. पहिल्या महिन्यात डबा जसाच्या तसा परत यायचा. बायको रडायची. मग आम्ही क्रम बदलला. सकाळी गोळीच्या आधी पोटभर घावणे नाहीतर पेज-भात, दुपारी जेवढं जाईल तेवढं, आणि रात्री आठला गोळी उतरली की भूक उसळते तेव्हा मासे-भात. वजन दीड महिन्यात परत मार्गावर आलं. तुमचा मुलगा मुळातच किडकिडीत असेल तर हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा.

---

जुना_फार्मसिस्ट | ४ जून, सकाळी ७:१०

रत्नागिरीत चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली, आता मुलगा बघतो. माझ्या बाजूचं सांगतो.

ताई, ही गोळी तुमच्या गावच्या मेडिकलमध्ये मिळणार नाही म्हणून वैतागू नका. मिथाइलफेनिडेट हे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतल्या शेड्यूल एक्समध्ये येतं. ते ठेवायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत हवी, त्यातली एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. पाकिटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत एक्सआरएक्स छापलेलं असतं, घेताना ते बघा. शिवाय हे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतलं औषध आहे. म्हणून कुणी "चिठ्ठीशिवाय कुरिअरने पाठवतो" म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. आत काय आहे याची खात्री नाही, आणि कायद्याने तुम्हीही अडकता. डॉक्टरांकडून निघतानाच विचारायचं, "दोन प्रती दिल्यात ना?" माझ्या काउंटरवरून कितीतरी लोक एकच प्रत असल्यामुळे परत गेलेत, आणि देवरुखहून आलेल्या माणसाला परत पाठवताना जीव तुटतो.

दुसरं, घरात सध्या कोणकोणती औषधं चालू आहेत ते कागदावर लिहून न्या. फक्त डॉक्टरांनी दिलेली नाहीत, सगळी. सर्दी-खोकल्याच्या औषधांत फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, तेही बीपी वाढवतं. पावसाळ्यात आपल्याकडे ही बाटली प्रत्येक घरात असते. दम्यासाठीच्या काही आयुर्वेदिक औषधांत सोमलता असते. त्या नावाने वापरतात त्या वनस्पतीत एफेड्रिन असतं, म्हणजे तीही उत्तेजकच. "आयुर्वेदिक आहे, सांगायची काय गरज" असं म्हणू नका. फिट्सची औषधं, रक्त पातळ करणारी औषधं, नैराश्याच्या गोळ्या, हे सगळं सांगायचं. एमएओ इन्हिबिटर नावाचा नैराश्याच्या औषधांचा एक जुना गट आहे, तो चालू असेल किंवा बंद करून चौदा दिवस झाले नसतील तर ही गोळी अजिबात द्यायची नाही, बीपी एकदम चढतं. तो गट आता क्वचित लिहितात, पण लिनेझोलिड नावाचं अँटिबायोटिक थोडंफार तसंच वागतं आणि ते औषधाला न जुमानणाऱ्या क्षयरोगात देतात. मोठ्या माणसांना ही गोळी लिहितात तेव्हा हा प्रश्न विचारायलाच हवा.

तुमचा "उड्या मारणाऱ्याला उत्तेजक का" हा प्रश्न फार जुना आहे. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरने मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं आणि मुलं शांत बसून अभ्यास करू लागली, तेव्हा तोही चकित झाला होता. मेंदूतला जो भाग लगाम धरतो त्यालाच डोपामिन आणि नॉरएड्रेनालिन ही निरोप पोचवणारी रसायनं कमी पडत असतात, हे औषध ती वाढवतं. लगाम धरणारा जागा झाला की घोडा आपोआप शांत. मिथाइलफेनिडेट स्वतः १९४४चं, बाझेलच्या सीबा कंपनीतल्या लेआंद्रो पानिझोन या रसायनतज्ज्ञाने बनवलं आणि बायकोच्या रिटा या लाडक्या नावावरून त्याचं व्यापारी नाव रिटालिन झालं. ऐंशी वर्षांचं औषध आहे, त्याचे गुणदोष बऱ्यापैकी माहीत आहेत. म्हणूनच आधी काय बघायचं हेही माहीत आहे.

---

आमराई | ४ जून, सकाळी ९:०२

मला तर इतक्या लहान पोराला कायद्याने बंदिस्त केलेलं औषध देणं पटत नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी द्या, समुद्रावर मोकळं खेळू द्या. आमच्या लहानपणी असली पोरं होतीच की, मोठी झाल्यावर सुधारली. सवय लागली तर?

---

परिचारिका_आक्का | ४ जून, दुपारी १:२०

आमराई, तुमची काळजी समजते, पण मी त्या "सुधारलेल्या" पोरांपैकी काहींना अपघात विभागात टाके घातले आहेत. काही सुधारली, काही शाळा सोडून ट्रॉलरवर गेली आणि त्यांचं काय झालं ते कुणी लिहून ठेवलं नाही. खेळ हवाच, त्याबद्दल वाद नाही. सवयीचं म्हणाल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत, तोंडाने घेणाऱ्या मुलांत पुढे व्यसन वाढतं असं दिसलेलं नाही. धोका आहे तो मनाने मात्रा वाढवण्यात आणि दुसऱ्याची गोळी घेण्यात.

सुरंगी, आता तुझ्यासाठी. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली म्हणून थोडं हक्काने लिहिते.

"घरात हृदयाचा त्रास आहे का" या प्रश्नाला दहातली आठ माणसं "नाही" म्हणतात. खोटं बोलत नाहीत, त्यांना प्रश्न तसा ऐकूच येत नाही. त्यांना वाटतं अँजिओप्लास्टी झालेले आजोबा विचारतायत. डॉक्टरांना हवं असतं ते वेगळं. मुलगा धावताना कधी चक्कर येऊन पडलाय का? खेळताना छातीत दुखतं म्हणून थांबलाय का? सोबतच्या मुलांपेक्षा लवकर धापा टाकतो का? लहानपणी कुणी "हृदयात आवाज येतो" म्हटलं होतं का? ताप येऊन सांधे सुजले होते का, दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन चालू होतं का? आणि आई-वडील दोघांच्याही घराण्यात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं का? झोपेत गेलं, धावताना गेलं, आणि हे नीट वाच, पोहता येत असूनही पाण्यात गेलं का?

हा शेवटचा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर कुणी विचारत नाही. आपल्याकडे पाण्यात माणूस गेला की त्याचं कारण पाण्यातच शोधतात. पण हृदयाच्या विजेच्या काही आनुवंशिक दोषांत ऐन पोहताना ठोका बिघडतो, माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो. बाहेरून बघणाऱ्याला ते बुडणंच दिसतं. ज्या घरात असं झालंय तिथल्या मुलाला उत्तेजक देण्याआधी ईसीजी काढून हृदयरोगतज्ज्ञाला दाखवलंच पाहिजे. सगळ्याच मुलांचा सरसकट ईसीजी काढावा की नाही यावर खुद्द अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांतही मतभेद झाले होते. २००८मध्ये हृदयवाल्यांनी काढणं रास्त म्हटलं, बालरोगवाल्यांनी म्हटलं इतिहास आणि तपासणी नीट करा, शंका आली तरच काढा. म्हणजे सगळा भार त्या इतिहासावर आहे. आणि इतिहास सांगणार कोण? तू.

दुसरी लपवलेली गोष्ट मनाच्या आजाराची. कुणा आत्याला "बाहेरचं झालंय" म्हणून वर्षानुवर्षं कौल लावत फिरवलं, कुणी काका मधेच सहा महिने रात्र रात्र जागून घर डोक्यावर घ्यायचे आणि मग सहा महिने अंथरुणात पडून राहायचे, कुणी विहीर जवळ केली. लग्नात अडचण नको म्हणून या गोष्टी माजघरात गाडून टाकतात. पण घराण्यात उन्माद किंवा भ्रमाचा आजार असेल तर या गोळीने तो उफाळू शकतो. डॉक्टर तरीही औषध देतील कदाचित, पण वेगळ्या सावधगिरीने देतील. डॉक्टरांसमोर घराण्याची अब्रू राखायची नसते गं.

राहिलेलं पटकन: डोळे मिचकावणं किंवा मान झटकण्यासारखी सवय, फिट्स, थायरॉइड, काचबिंदू, खूप घाबरट स्वभाव, झोप कशी आहे. आणि मुलगा घोरतो का? टॉन्सिल वाढून रात्रभर झोप न होणारं मूल दिवसा हुबेहूब एडीएचडीसारखं वागतं. डोळे आणि कान तपासले नसतील तर तेही करून घे. जिल्हा रुग्णालयातल्या लवकर हस्तक्षेप केंद्रात हे होतं.

---

सुरंगी | ४ जून, दुपारी २:४५

आक्का, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. घोरत नाही, फिट्स नाहीत, डोळे-कान तपासलेत. माहेरचं मला सगळं माहीत आहे. सासरचं विचारायला हवं. एक गोष्ट मनात आली आहे, सासूबाईंशी बोलून लिहिते.

---

खडू_फळा | ४ जून, संध्याकाळी ६:३०

राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझ्या वर्गात दोन मुलं या औषधावर होती, त्यामुळे शाळेची बाजू सांगते.

गोळी सुरू करण्याआधी डॉक्टर एक प्रश्नावली देतात, एक पालकांनी भरायची आणि एक शिक्षकांनी. एडीएचडी म्हणायला लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, फक्त घरी किंवा फक्त एका बाईंच्या तासाला नाही. म्हणून ती प्रश्नावली शिक्षकाने मनापासून भरणं फार महत्त्वाचं. माझ्याकडे एका वडिलांनी ती स्वतःच भरून नुसती सही मागितली होती. मी नाही दिली, बसून भरली. गोळी सुरू झाल्यावर तीच प्रश्नावली परत भरतात आणि फरक मोजतात, तेव्हा पहिली खरी नसेल तर दुसरीला अर्थ उरत नाही.

गोळी दुपारी शाळेत द्यायची असेल तर मुलाच्या दप्तरात ठेवू नका. एका मुलाने मधल्या सुट्टीत मित्राला "ही खाल्ली की गणित येतं" म्हणून अर्धी वाटून दिली होती. सुदैवाने काही झालं नाही, पण त्या मित्राच्या आईचा चेहरा मी विसरलेले नाही. डॉक्टरांना विचारा, सकाळी एकदाच घ्यायची लांब पल्ल्याची गोळी चालेल का. ती मात्र चावायची, कुटायची नसते. गिळता येत नाही म्हणून मुसळीने ठेचून मधातून दिली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं.

आणि वर्गासमोर "आज गोळी घेतली नाही वाटतं" असं कुणी शिक्षक म्हणणार नाही, एवढं शाळेकडून कबूल करून घ्या. मी स्वतः एकदा म्हणून गेले होते. त्या मुलाने आठवडाभर माझ्याकडे बघितलं नाही.

---

सुरंगी | ५ जून, रात्री १२:१५

झोप येत नाही म्हणून आत्ताच लिहिते.

माझ्या नवऱ्याला एक मोठा भाऊ होता. माझ्या लग्नाच्या आधीच तो गेला, सतराव्या वर्षी. फोटो देवघराच्या बाजूला आहे. मला एवढंच माहीत होतं की "खाडीत गेला". दर नारळी पौर्णिमेला आमच्या घरचे दोन नारळ असतात, एक सगळ्यांसोबत समुद्राला आणि एक सासूबाई एकट्या खाडीच्या त्या वळणावर जाऊन सोडतात. तिथे भर दुपारी कुणी जात नाही. जागा वाईट आहे म्हणतात, जखीण आहे म्हणतात. मी कधी विचारलं नव्हतं.

आज संध्याकाळी सासूबाई माडाचे हीर काढत बसल्या होत्या. मी बाजूला बसले आणि विचारलं, भावजींना पोहता यायचं का हो? त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "गावात त्याच्यासारखा पोहणारा नव्हता. भरतीला पैलतीराला जाऊन यायचा." त्या दिवशी ओहोटी होती, पाणी जेमतेम छातीएवढं. पोरं बघत होती. त्याने सूर मारला, दोन हात मारले आणि पालथा झाला. हाक नाही, धडपड नाही. पोरांना वाटलं गंमत करतोय.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. त्याच्या आधी वर्षभर तो दोनदा पडला होता, एकदा शाळेच्या शर्यतीत, एकदा पहाटे कुणीतरी दारात फटाका वाजवला तेव्हा. तेव्हा उतारा टाकला होता. आणि सासऱ्यांची एक बहीण पहिल्या बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत झोपेत गेली होती.

हे सगळं या घरात होतं. आणि मी डॉक्टरांना "नाही" म्हटलं होतं.

---

परिचारिका_आक्का | ५ जून, सकाळी ६:०५

सुरंगी, आधी एक. तुला माहीत नव्हतं, त्यामुळे तू लपवलेलं नाहीस. तो बोल स्वतःला लावून घेऊ नकोस.

आता काम. गोळी सुरू करायची नाही. आज डॉक्टरांना फोन करून हे जसंच्या तसं सांग. धावताना पडणं, मोठ्या आवाजाने दचकून पडणं, पोहताना जाणं, बाळंतपणानंतरच्या दिवसांत झोपेत जाणं, या चारही गोष्टी एकत्र आल्या की कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाचे कान टवकारतात. लाँग क्यूटी नावाचा दोष असतो, ईसीजीवर दोन खुणांमधलं अंतर लांबलेलं दिसतं. तो दोष आहेच असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. मुलाचा ईसीजी, मुलाच्या वडिलांचा ईसीजी, दोघांचा. आणि तोवर मुलाला एकट्याने पाण्यात सोडू नका. कागद डॉक्टरांनीच बघू देत, मशीनवर छापून आलेल्या शेऱ्यावर जाऊ नका.

---

भाट्याचा_वारा | ५ जून, रात्री ९:४०

हा धागा वाचून लिहायचं धाडस करतोय. मी चोवीस वर्षांचा, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. मागच्या वर्षी अभ्यासिकेत एका मित्राकडे ही गोळी होती, त्याच्या धाकट्या भावाच्या चिठ्ठीवरची. मुख्य परीक्षेला बारा दिवस होते. मी सलग तीन दिवस घेतली, वर चार-पाच कप कॉफी. पहिल्या रात्री वाटलं जग जिंकलं. तिसऱ्या रात्री छाती इतकी धडधडायला लागली की शर्टावरून दिसत होती, हाताची बोटं पांढरी पडली. मित्राने १०८ला फोन केला. नाडी १५०च्या वर होती. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं आणि घरी कळवावंच लागलं.

ज्याच्या चिठ्ठीवर नाव आहे त्याची छाती तपासलेली असते, माझी कुणी तपासली नव्हती. एवढा साधा फरक मला तेव्हा कळला नाही. त्या धाकट्या भावाच्या तीन दिवसांच्या गोळ्या मी खाल्ल्या, त्याचंही मला आज वाईट वाटतं. पालकांनो, गोळ्या मोजून कुलपात ठेवा. घरात मोठी भावंडं असतील तर जास्तच.

---

दाभोळखाडी | ६ जून, सकाळी १०:१५

थोडा वेगळा मुद्दा. माझे मिस्टर दुबईला असतात आणि आम्ही सुट्टीत जातो. मुलीला हीच गोळी आहे. संयुक्त अरब अमिरातीत हे नियंत्रित औषध आहे, नेण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. चिठ्ठी, डॉक्टरांचं पत्र, मूळ पाकीट सगळं सोबत. आपल्याकडे आखातात येणं-जाणं खूप आहे म्हणून लिहिलं. इथून पुढे "दोन गोळ्या पर्समध्ये टाकल्या" असं कुणी करू नये.

एक विचारायचं होतं. कोकम सरबत आणि लिंबू बंद करा असं एका ठिकाणी वाचलं, आंबट पदार्थांनी औषध उतरतं म्हणे. खरं आहे का? आमच्याकडे सोलकढीशिवाय जेवण होत नाही.

---

जुना_फार्मसिस्ट | ६ जून, दुपारी १२:३०

दाभोळखाडी, ते अँफेटामिन या दुसऱ्या उत्तेजकाबद्दल आहे, आंबटाचा परिणाम त्या औषधावर होतो. आपल्याकडे लिहितात ते मिथाइलफेनिडेट, त्याचं शरीरात वेगळ्या रीतीने विघटन होतं. सोलकढी खुशाल द्या. परदेशी संकेतस्थळांवर बहुतेक वेळा अमेरिकेतलं औषध गृहीत धरलेलं असतं, वाचताना नाव जुळवून बघत जा.

साठवण राहिली होती. आपल्या हवेत जूनपासून मीठसुद्धा डब्यात पाझरतं. गोळ्या पाकिटातून काढून आजीच्या गोळ्यांच्या डब्यात घालू नका. स्ट्रिपमध्येच, कोरड्या कपाटात, कुलपात. फ्रिजची गरज नाही. आणि पावसात घाट बंद होतात, कोल्हापूरचा माल अडकतो, तेव्हा शेवटची स्ट्रिप उघडली की लगेच पुढची चिठ्ठी घ्यायला निघा. एखाद दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. संध्याकाळी आठवली तर त्या दिवशी सोडून द्यायची, नाहीतर रात्रभर जागरण. कुणाला याच आजारासाठी क्लोनिडिन चालू असेल तर मात्र ते अचानक बंद करू नका, बीपी उसळतं. ते वेगळं औषध आहे, पण लोक दोन्हींना "लक्षाची गोळी" म्हणतात म्हणून सांगितलं. मुलाची एखादी शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगायचं, त्या सकाळी बहुधा गोळी देत नाहीत.

---

सुरंगी | २१ जून, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा. पंधरा दिवस धावपळीत गेले.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बरं झालं थांबलात." मुलाचा ईसीजी चिपळूणला काढला. मिस्टर लोट्याला कारखान्यात आहेत, त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि त्यांचाही काढला. पहिल्यांदा ते तयार नव्हते. "मला काय झालंय" म्हणाले. मग सासूबाई नुसत्या एवढंच म्हणाल्या, "काढ. त्याचा काढायला कुणी सांगितलं नव्हतं."

मुलाचा ईसीजी हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतः पट्टी लावून मोजला. ते अंतर मर्यादेत आहे. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही व्यवस्थित. मिस्टरांचं अंतर मात्र लांबलेलं निघालं. त्यांना आजवर कधी काही झालेलं नाही, पण डॉक्टर म्हणाले दोष असूनही कित्येकांना काही जाणवत नाही. त्यांना बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आवरणारं औषध, सुरू केलंय. कुठल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत याची यादी दिलीय, त्यात साधी अँटिबायोटिक्ससुद्धा आहेत. ती यादी आम्ही तिघांच्या फोनमध्ये आणि देवघराच्या कपाटाला आतून चिकटवली आहे. मुंबईला जनुकीय तपासणीसाठी रक्त पाठवलंय, मिस्टरांचं आधी. त्यात दोष सापडला की मुलात तोच आहे की नाही ते बघणार, कारण ईसीजी चांगला आला तरी दोष नाहीच असं म्हणता येत नाही म्हणे. नणंदेला पुण्याला कळवलं, तिच्या दोन्ही मुलींचे ईसीजी पुढच्या आठवड्यात आहेत.

गोळीचं काय, हे तुम्ही विचाराल. तो निकाल येईपर्यंत सुरू करायची नाही, असं दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवलं. तोवर वर्तनोपचार, आणि शाळेत त्याला पहिल्या बाकावर, दाराजवळून लांब बसवलंय. दर वीस मिनिटांनी फळा पुसायला त्यालाच उठवतात, ही युक्ती खडू_फळा यांना मी मेसेज करून विचारली होती. निकालावरून मग हीच गोळी कमी मात्रेत आणि पुन्हा पुन्हा ईसीजी काढत, की दुसरं काही, ते ठरेल. रस्त्याने जाताना मी अजून त्याचा हात सोडत नाही.

भाट्याचा_वारा, तुझं लिहिणं मी माझ्या भाच्याला वाचून दाखवलं. तो लातूरला शिकवणीला आहे.

---

कुडाळचो_बाबा | २१ जून, रात्री १०:०५

ताई, वाचून अंगावर काटो इलो. उद्या आमच्या चेडवाच्या आजयेक फोन लावतंय. तिच्या भावाबद्दल कोण कदी बोलला नाय, तो पण तरणोच गेल्लो.

---

सुरंगी | २१ जून, रात्री १०:२०

विचारा दादा. शक्यतो फोनवर नको, जवळ बसून विचारा. माझ्या सासूबाई त्या रात्री दोन तास बोलत होत्या.